मशिनं कमी, माणसं तेवढीच

हॅलो?… हो, बोल छोटे… नाही गं, दवाखान्यातच आहे. डायलिसिसच्या खोलीबाहेर, बाकावर… हे आत आहेत, मशीन चालू आहे… हो, बरे आहेत. म्हणजे, आहेत तसे.

काय?… कोणी फोन केला?… तुझ्या नवऱ्याने? मोठ्या डॉक्टरांना?… अगं, मला एका शब्दाने न विचारता?

नाही, रागावले नाही… हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे!

दोन मशिनं बिघडलीत, ते तुला माहीतच आहे. त्यांचा कसलासा भाग बाहेरून यायचाय, कधी येईल ते कोणी सांगत नाही. मशिनं कमी, माणसं तेवढीच. आधी नुसती झोंबाझोंबी चालायची. लोक पहाटे येऊन खुर्चीवर टॉवेल टाकून जायचे… हसू नकोस, मीही ह्यांची शाल टाकायचे.

मग?… मग एकदा तो बसचा ड्रायव्हर आला. आदल्या खेपेला त्याला मशीन मिळालंच नव्हतं. पाय हे एवढे सुजलेले, धाप लागलेली. दारातच मटकन खाली बसला. आम्ही सगळे नजर चुकवून पंख्याकडे बघतोय. तर त्या शिवणकामवाल्या ताई आहेत ना, त्या खुर्चीतून म्हणाल्या, "सिस्टर, माझा एक तास कमी करा, ह्याला मध्ये घ्या." असं म्हणाल्या, जशा काही बाकावर जरा सरकून जागाच देतायत!

मग शेजारचा म्हणाला, माझाही करा. मग त्याच्या पलीकडचा… आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले… कसला मोठेपणा गं? खरं सांगू? लाजेकाजेस्तव ह्यांच्या वतीने हो म्हटलं. सगळे देतायत आणि आपण एकटीने मान कशी फिरवायची?… पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे टॉवेल घेऊन कोणी आलं नाही. ते धावणंच संपलं.

हो, डॉक्टरांना विचारूनच. "थोडे दिवस चालेल, पाणी जपून प्या," म्हणाले… नाही, ज्याला खरंच सोसत नाही त्याला पूर्ण वेळ देतात. त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

मग अडलं कुठे?… अगं, ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी परवा वरून फोन आणवला आणि पूर्ण वेळ बसले. भांडलं नाही कोणी. फक्त पेपर त्यांच्यापर्यंत पोचेना, आणि चहा आणायला जाणारा त्यांना विचारेना… हो, तसे एकटेच बसलेले बघून मलाही वाईट वाटलं. पण काल आणखी दोघांनी वशिला लावला. म्हणे, सर घेतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय?… आणि आज तुझा नवरा.

काळजीने केलं, कळतं गं मला… रडू नकोस, छोटे… मला भीती वाटत नाही असं वाटतं तुला? ह्यांचा श्वास मोजत पडलेली असते मी.

थांब हं, सिस्टर आल्या… काय सिस्टर? पूर्ण वेळ? आजपासूनच?… ऐकलंस? पोचला तुमचा निरोप.

तो ड्रायव्हर इथेच आहे, समोर. ह्यांच्यानंतर त्याचाच नंबर. त्यानेही ऐकलं… उठून उभा राहिला होता, परत बसला. बस्स, एवढंच.

थांब… ठेवू नकोस. आत जाऊन ह्यांनाच विचारते. जीव त्यांचा आहे.

अहो… झोपलात का? छोटीच्या नवऱ्याने वरती बोलून तुम्हाला पूर्ण वेळ मिळवून दिलाय. घ्यायचा?… अं? जरा मोठ्याने…

छोटे, आहेस ना?… म्हणतायत, "ठरलेल्या वेळेला काढा. बाहेर माणूस ताटकळलाय"… नाही गं, कसलं शूरपण. घाबरलेत. माझं बोट केवढं घट्ट धरलंय! मलाच विचारतायत, "तुला चालेल ना?"

…चालेल म्हटलं. काय म्हणू दुसरं?… नाही, रडत नाहीये मी.

आता माझं ऐक. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, त्याच डॉक्टरांना परत फोन कर. ह्यांच्यासाठी नको. तो भाग कुठे अडकलाय ते विचार, रोज विचार, भंडावून सोड… हो, हो! वशिला आहे ना, मग लाव की सगळ्यांसाठी.

बरं, ठेवते. सिस्टर सुया काढतायत, ह्यांना धरून उठवायचंय… हो, घरी पोचल्यावर करते…

या दादा, या आत.