घरमालकीणबाईंची शेवटची फेरी

अरे, जर्मनीतल्या गार्चिंगहून पुण्याला सायकल कशी आणली, ऐका. पीएचडीची चार वर्षं मी घरमालकीणबाईंच्या दिवंगत नवऱ्याची सायकल वापरली. निघताना त्या म्हणाल्या, "घेऊनच जा."

कुरियर परवडेना. मग सायकलच्या दुकानातून रिकामं खोकं फुकट आणलं. विमानात सामान म्हणून न्यायचं ठरवलं. पेडल काढायला पाना लावला, तोच बाई ओरडल्या, "थांब!"

मला वाटलं, मन बदललं. पण सत्तरीच्या बाई सायकलवर बसल्या, अंगणात डगमगत एक फेरी मारली, उतरल्या आणि विमानात न्यायची म्हणून स्वतःच दोन्ही चाकांतली हवा सोडली.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या डोळे पुसत म्हणाल्या, "नीट बांध हं. आमचा माणूस विमानाला फार घाबरायचा."