रानतुळशीचं तेल

(डोंगरातला पाडा. नवसाबाई आणि तिचा नवरा सहादू यांचं घर.)

चैताली : थांबा मावशी, फडकं परत बांधू नका. काकांचा पाय नीट बघू द्या.

नवसाबाई : बघायचं काय त्यात? तूच दिलेलं तेल लावते, सकाळ-संध्याकाळ.

चैताली : ते मी तुमच्या गुडघ्यांना चोळायला दिलं होतं!

नवसाबाई : आन मोबाइलवर फोटो दाखवलास त्यो? ‘मावशी, तुमच्या रानतुळशीच्या तेलानं जंतू मेले.’ तूच बोललीस ना?

चैताली : बोलले. पण ते कॉलेजच्या लॅबमध्ये, काचेच्या बशीत. इथं जंतू आत शिरलेत. घोट्यापर्यंत लाल झालंय. कधी लागलं, काका?

सहादू : आठ दिस झालं. नागली कापताना विळा लागला. आता दुखत नाय फारसा.

चैताली : दुखत नाही याचीच भीती वाटते. शुगरच्या गोळ्या घेता ना?

सहादू : संपल्या. दिवाळीपासून नाय.

नवसाबाई : माझी आई हाच पाला ठेचून लावायची. भावाचा पाय बरा झालेला. ती खोटी व्हती का?

चैताली : खोटी नाही, मावशी. लवंगेत असतं ना, तेच युजेनॉल यात निम्म्याहून जास्त निघालं. त्यानंच जंतू मरतात. पण तुम्ही दिलेल्या पोतंभर पाल्याचं तेल लॅबमध्ये काढून मी त्या एवढ्याशा बाटलीत भरलं होतं. उघड्या मांसाला ते भाजतं.

नवसाबाई : मंग या कडा पांढऱ्या पडल्या, त्या तेलानं?

चैताली : बहुतेक. बाटलीवर मी काही लिहिलंसुद्धा नाही.

नवसाबाई : आन मला वाटं, आतलं खराब बाहेर निघतंय.

सहादू : आता दोघी रडत बसू नका. जीप हाय का खाली?

चैताली : थांबवून ठेवलीय. हात द्या, काका. जमिनीवर टेकू नका पाय.

(तिसऱ्या दिवशी दुपारी. नाशिक, दवाखान्यातला व्हरांडा.)

नवसाबाई : डाक्टर बोलला, दोन बोटं काढली. पाय राहिला.

चैताली : शुद्धीवर आले?

नवसाबाई : आला. चहा मागतोय.

चैताली : मावशी, मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तेल माझं होतं, तेही.

नवसाबाई : मी बी सांगितलं, लावलं मी.

चैताली : रागावलात?

नवसाबाई : व्हते. जीपमध्ये लय व्हते. ...बाय, तीनदा साबण लावला, तरी हाताचा वास जात नाय.

चैताली : माझ्याही हाताचा नाही गेला अजून.