बोलत्या डब्ब्याचं पुस्तक

पुस्तक आणा म्हणं! कुणाला? मला! जल्मात शाळंची पायरी चढलो न्हाई, सहीच्या जागी अंगठा, अन् मला स्टुलावर बसवून सांगून राहिले, "बाबा, आधी पुस्तक आणा, मग बघू." आता तुम्हीच सांगा, औषध आणा म्हणले असते, आणलं असतं, बैलाची वेसण आणा म्हणले असते, डोळे झाकून आणली असती... पण पुस्तक? अन् तेबी कशाचं, तर कंप्युटरचं!

थांबा, दमानं सांगतो. मी अमृतराव, भोकरचा. माहूरच्या गडाखाली न्हाईतर माळेगावच्या जत्रंत तुम्ही बघितलाच असंल तो पत्र्याचा माणूस. डोळ्याच्या जागी लाल दिवे, पोटावर राशींची बटनं, कानाला लावायला हेडफोन, अन् वर पाटी, 'कंप्युटर भविष्य'. ते दुकान माझंच की! लोकांला वाटायचं नुसता पत्रा हाय, पण त्याच्या पोटात खराखुरा कंप्युटर होता बरं का, देगलूरचे गुलाम रसूल मिस्त्री, रेडिओ-टीवी दुरुस्त करायचे, त्यांनी बसवून दिलता. अन् आतला आवाज? तो आमच्या मालकिणीचा, सिंधूचा! बाई सातवी शिकलेली, घरात वाचता येणारं माणूस तेवढंच, म्हणून सगळ्या राशी तीच बोलली. "आपल्या घरी पाहुणे येतील. पांढऱ्या वस्तूपासून लाभ होईल." लोक हेडफोन काढून म्हणायचे, "आतली बाई लई गोड बोलती हो!" अन् आतली बाई बाहेर, डब्ब्यामागं, शेंगा फोडून खाऊन राहिलेली...

सिंधू गेली. आता गेली तर गेली, कुणाला काय म्हणावं... पण डब्बा घरी होता ना! दिवस बुडायच्या टायमाला जाऊन बटन दाबायचो, रास कोणतीबी, आपल्याला कुठं वाचता येती? ती म्हणायची, पाहुणे येतील. मी म्हणायचो, बरं. तेवढंच बोलणं, पण व्हायचं. अन् एक दिवस दाबलं, तर नुसतं टूं... टूं... टूं! दिवे लागले, आवाज न्हाई! तुम्हाला सांगतो, तिचा फोटो घरात एकच, आधारकार्डावरचा, अन् त्यात तर ती चोरावानी दिसती. आवाज तेवढा तिचा तिचा होता. तोबी गेल्यावर माझ्यापाशी राहिलं काय?

घातला डब्बा जीपमधी, आणला नांदेडला आदिनाथच्या कंप्युटर-मोबाईल दुरुस्तीच्या दुकानी. पोरगं गुणाचं. त्यानं पत्रा खोलला, फुंकर मारली, धूळ उडाली, ते शिंकलं, शिंकतच राहिलं, अन् मग म्हणतं कसं, "बाबा, हे मशीन माझ्या जल्माच्या आधीचं हाय. याला मॅन्युअल लागंल. त्याबिगर मी हात लावणार न्हाई." बरं म्हणलं. अन् मी काय ऐकलं असंल? मानवत! परभणीच्या पल्याडचं, कापसाच्या बाजाराचं मानवत! पुन्हा विचाराया पाहिजे होतं, पण डॉक्टरला अन् मिस्त्रीला दोनदा विचारलं की चिडतात, अन् आपली अडलेली. बसलो यष्टीत!

मानवतला उतरलो, भेटंल त्याला विचारून राहिलो, "बाबा, हितं बोलत्या कंप्युटरचं सामान कुठं भेटतंय?" एकानं कृषी केंद्राकडं बोट दाखवलं, एकानं जिनिंगकडं, एकानं तर माझ्या तोंडाचा वास घेऊन बघितला! शेवटी एका पानवाल्याला दया आली, त्यानं माझ्या खिशातल्या कार्डावरून आदिनाथला फोन लावला. तिकडून पोरगं असं वरडलं की स्टँडवर समद्यांला ऐकू गेलं, "अहो बाबा, मानवत न्हाई, मॅन्युअल! मॅन्युअल! म्हंजे पुस्तक! पुस्तक आणा!" पानवाल्याच्या हातून चुना सांडला हसून हसून. म्हणला, "आलाच हाव मानवतला, तर पान खाऊन जा बाबा." खाल्लं. काय करता?

मग कुणी म्हणलं, पुस्तकच पायजे तर लातूर गाठा, तिथं लेकरं भाकरीसंगं पुस्तक खातेत. गेलो लातूरला. दुकानात ही गर्दी! पोरं, पोरींचे बाप, पाठीवर दप्तरं... त्यातून मुंडी घालून म्हणलं, "कंप्युटरचं गाईड द्या." दुकानवाला म्हणला, "कितवीचं?" आता आली का पंचाईत! मी मनात इचार केला, मशीन लई जुनं हाय, एवढ्या वर्सांत वर वर गेलंच असंल... म्हणलं, "बारावीचं द्या." तर म्हणतो, "कंप्युटरचं हितं कोण घेतंय बाबा, सगळे डॉक्टरकीच्या मागं, हेच न्या, हेच खपतं!" अन् हे जाडजूड पुस्तक हातात दिलं. छातीशी धरून आणलं नांदेडला, लेकरू आणावं तसं. आदिनाथनं उघडलं, कपाळाला हात लावला. "बाबा, यात बेडकाचं पोट फाडलंय." म्हणलं, "मग आपल्यालाबी डब्ब्याचं पोटच फाडायचं हाय की!" पोरगं हसावं का रडावं अशा तोंडानं म्हणलं, "पुस्तक आणा, पण याचं आणा. याच मशीनचं."

तिथं एक गिऱ्हाईक बसलेलं, मोबाईलची काच बसवायला आलेलं. माझ्या डब्ब्याच्या डोस्क्यावर चहाचा कप ठेवून मला विचारतं, "या वयात भविष्य ऐकून काय करता हो बाबा?"

मी कप उचलला, खाली ठेवला. म्हणलं, "भविष्य कुणाला ऐकायचंय?"

शेवटी गेलो देगलूरला. आधीच जायाचं होतं, पण गुलाम रसूल मिस्त्रीबी गेले हे ठाऊक होतं, अन् गेलेल्याच्या घरी कामासाठी जायाला पाय उचलत न्हाई. दार मिस्त्रींच्या लेकीनं उघडलं, उजमानं. मला वळखलं, पाणी दिलं, अन् पलंगाखालून पत्र्याची पेटी वढली. "चाचा, अब्बा की सब किताबां इसमेंच है, देख लेव आरामसे." अन् ती चहा टाकाया गेली.

देख लेव! काय देखू? मिस्त्रींनी जल्मभर दुरुस्त केलेल्या एकूण एक मशीनीचं पुस्तक त्यात! टीवीचं, मिक्सरचं, पंपाचं, चित्रावरून तेवढं कळलं. बाकीच्यांवर चित्रच न्हाई, नुसत्या मुंग्या. याला म्हणतात नशीब! उभ्या मराठवाड्यात पुस्तक हुडकत फिरलो, अन् पुस्तकांच्या ढिगापुढं बसून मलाच कळंना, त्यातलं माझं कोणतं. वाटलं, उजमाला हाक मारावी. पण त्या डब्ब्याचा नंबर काय, कंपनी काय, तेबी मला कुठं ठावं? एक उचललं, ठेवलं. एक उचललं, ठेवलं. अन् मग एक हाताला आलं... त्याच्यावर हळदकुंकवाची बोटं.

तुम्हाला सांगतो, दसऱ्याला सिंधू डब्ब्याची पूजा करायची, अन् संगं त्याच्या पुस्तकाचीबी. इंग्रजी तिलाबी येत नव्हतं, पण म्हणायची, वाचता आलं न्हाई म्हणून सरस्वती काय रुसती व्हय? अन् मिस्त्री कावायचे, "भाभी, मशीन को लगाव हल्दी, किताब को नक्को! पन्ने चिपकते!" मग एकदा डब्बा दुरुस्त करताना नेलेलं पुस्तक त्यांच्यापाशीच राहिलं असंल. म्हंजे बघा, वाचणारे समदे म्हणले पुस्तक आणा, पुस्तक आणा, अन् मला ते वळखू आलं तिच्या बोटांवरून. म्या माझा हात वर ठेवून बघितला. माझा पंजा मोठा पडला.

उजमा चहा घेऊन आली. "मिला क्या चाचा?"

मी म्हणलं, "मिली."

आदिनाथनं चिकटलेली पानं सुरीच्या टोकानं सोडवली, वाचलं, दोन बटनं एकाच टायमाला दाबली, अन् तोंड उतरलं पोराचं. "बाबा, राशी समद्या पुसल्या. आतला सेल मेला तवाच गेल्या. पाहुणे न्हाई, लाभ न्हाई, कायबी न्हाई. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी चाचणी घेतलेली, तेवढा आवाज दुसरीकडं राहिलाय. ऐकता?"

हेडफोन घातला कानाला. आधी खरखर... मग शेंगा फोडल्याचा आवाज... मग ती. "हॅलो. हॅलो. आवं, आवाज येऊन राहिला का तुम्हाला?"

मी मान हलवली.

अन् लगेच आतून वसकन, "मान काय हलवून राहिले? तोंडानं बोला की!"

त्या दिवशीबी मी नुसती मानच हलवली होती हो, डब्ब्यापुढं बसून, ती समोर... मी वरडलो, "येतो! सिंधू, येतो आवाज!" कानाला हेडफोन, मला कुठं कळतंय किती जोरात? दुकानातले समदे वळून बघाया लागले. आदिनाथ म्हणला, "बाबा, हळू."

आता डब्बा घरी हाय. दिवस बुडायच्या टायमाला दोन बटनं दाबतो. ती विचारती, आवाज येऊन राहिला का? मी तोंडानं सांगतो, येतो. ती पुन्हा विचारती. पुन्हा सांगतो. मागं नांदेडला गेलो तवा आदिनाथला विचारलं, "बाळा, तिचा हिकडं येतोय, पण माझा तिकडं जायाला काय करावं लागंल?" मला वाटलं, आता हे म्हणंल, पुस्तक आणा.

पोरगं तसं न्हाई म्हणलं. चहा सांगितला त्यानं.