राखणदाराला कळवलेले अपघात

नाही, पुसते ना मी ते बक्षीस, रोज पुसते! काचेचं आहे, कारखान्यात ठेवलंय म्हटल्यावर त्याच्यावर रसाचे शिंतोडे उडणार, गांधीलमाश्या बसणार, सगळं खरं. पण तुम्हाला सांगते, ते पुसताना माझा जीव असा वरखाली होतो ना... कारण ते बक्षीस आणलं मी. म्हणजे स्टेजवर आप्पा गेले, फोटोत आप्पा आहेत, शाल आप्पांना मिळाली, पण अर्ज भरला मी. आणि त्या अर्जापायी आमच्याकडचं काय गेलं, ते या घरात कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही नुसतं ऐका.

आप्पा म्हणजे माझे सासरे. रत्नागिरीहून पावसला जाताना आमचं आंब्याचं कॅनिंग लागतं. हापूस कापायचा, रस काढायचा, उकळून डब्यात भरायचा. हंगाम दोन महिन्यांचा, माणसं साठ, आणि उरलेले दहा महिने त्या दोन महिन्यांच्या गप्पा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी लग्न होऊन आंजर्ल्याहून इथे आले आणि एप्रिलमध्ये ऑफिसात बसले. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा, एक कॉम्प्युटर आणि त्याच्यावर घालायला सासूबाईंनी शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा. कॉम्प्युटर येतो म्हणून बसवलं, बोलत नाही म्हणून आवडले. "शांत आहे हो पोरगी!" असं सगळे इतक्या समाधानाने म्हणतात, की मग बोलायचीच लाज वाटते.

तर एक दिवस आप्पा वर्तमानपत्र नाचवत आले. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य, त्याबद्दल पुरस्कार, छोट्या कारखान्यांनी अर्ज करावेत! आता त्याच्या आदल्या वर्षी तो पुरस्कार मिळालेला आप्पांच्या मेव्हण्यांना, विनोदमामांना, त्यांच्या मासळीच्या कारखान्यासाठी. आणि त्यांनी तो ठेवला कुठे? जेवणाच्या टेबलासमोर! आप्पा जेवायला गेले की ताटात पापलेट आणि डोळ्यांसमोर पुरस्कार. घास उतरेल का माणसाला?

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "एकोणतीस वर्षं कारखाना चालवतोय, एकाचं बोट गेलेलं नाही. विनोदकडे दोघांची गेलीत आणि बक्षीस त्याला! यंदा ते आपल्याकडे यायला पाहिजे. भरा अर्ज."

मी काय बोलणार? नवी सून. भरला.

चौतीस पानं हो! पहिल्याच पानावर, सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव. आमच्याकडे असा कोण? बॉयलरवर काशीरामदादा आहेत, पहिल्या दिवसापासूनचे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "राखणदार लिव." राखणदार म्हणजे आवारात जांभळीखाली शेंदूर लावलेला दगड. जागेचा खरा मालक तो, आप्पा नुसते सात-बाऱ्यावर. मी म्हटलं, दादा, पगाराचा रकाना आहे. "लिव की, वर्साला येक नारल." अनुभव? "तुज्या आज्जेसासऱ्याच्या आदीपासून." मी तो रकाना रिकामा सोडला आणि पुढचं पान उलटलं, आणि तिथे प्रश्न होता, रोज काम सुरू होण्यापूर्वी सुरक्षिततेविषयी चर्चा होते का? कोण घेतं? किती वर्षं?

मी थबकले. कारण होत होती की! गाऱ्हाणं!

काय सांगू तुम्हाला... सकाळी आठला सगळी माणसं जांभळीखाली उभी राहायची. पानांतून ऊन पडलेलं, रात्री उतरवलेल्या आंब्यांचा वास, डब्यांचा ढीग नुसता लखलखतोय, चपला काढून आप्पा एका बाजूला, आणि सगळ्यांच्या पुढे काशीरामदादा. डोक्याला टॉवेल गुंडाळायचे आणि असा काही सूर लावायचे, की समोरच्या रस्त्यावरची एसटीसुद्धा हळू व्हायची.

"बा राखणदारा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"काल रस सांडला, कोनी पुसला नाय, सखू घसारली, ढोपार फुटला, ती जागा सांबाळ रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चीक उडून फैझानचा गाल भाजला, देठ काडनाऱ्यांस हातमोजे नायत, त्या चिकाचा काय तो बंदोबस्त कर रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि त्याच ठेक्यात मागून एक "आमीन!" त्या शरीफाभाभी. राजिवड्याच्या, आंबे कापणाऱ्या बायकांच्या मुकादम. त्यांचं आमीन इतक्या वर्षांत राखणदाराला कधी खटकलं नाही, आणि एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत तर काशीरामदादाच मागे वळून बघायचे, की आज शेवट कसा लंगडा वाटला?

आता यातली गंमत बघा. मालकाच्या तोंडावर, "तुमची लादी निसरडी आहे, हातमोजे द्या," असं कोण म्हणेल? कामावर राहायचं ना पुढच्या हंगामाला? पण देवाला सांगायला कुणाची बंदी? आणि देवाला सांगताना आप्पा शेजारीच उभे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, कान मात्र उघडे. दुपारपर्यंत हातमोजे हजर! कुणी मागितले नाहीत, कुणी दिले नाहीत, सगळं राखणदाराने केलं. आप्पांचाही मान राहिला आणि फैझानचा दुसरा गालही.

माझंसुद्धा एकदा सांगितलं होतं काशीरामदादांनी. लग्नानंतर दोन महिने झालेले, मी माहेरी गेले नव्हते. इथे सगळे चांगले आहेत हो, पण आंबे मोजता मोजता मधेच आंजर्ल्याची खाडी आठवायची, आईचा आवाज आठवायचा, आणि मग आकडा चुकायचा. शरीफाभाभींनी ओळखलं. "काय गो बाय, मायेराची सय येते?" मी पुन्हा एकपासून आंबे मोजायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, साठ माणसांदेखत, "बा म्हाराजा, नव्या सूनबायचा जीव मायेराकडं वडतोय, तिचा आकडा चुकतोय, तिचा पाय आंजर्ल्याच्या वाटंला लागू दे रं म्हाराजाऽऽ!" आणि सगळे जोरात, "व्हय म्हाराजा!" आप्पासुद्धा! मला वाटलं, आता या आंब्याच्या पेटीत जाऊन बसावं आणि वरून पेंढा घालून घ्यावा. पण शनिवारी चहा घेताना आप्पा भिंतीला म्हणाले, "दापोलीकडे जरा काम आहे, गाडी जाणारच आहे, कुणाला यायचं असेल तर..." मी बॅग भरून दारात उभी!

हे सगळं अर्जात कसं लिहिणार? मी एवढंच लिहिलं, "होते. रोज. काशीराम घेतात. एकोणतीस वर्षं. सर्व कामगारांचा सहभाग असतो." खोटं होतं का त्यात काही?

महिन्याभरात पत्र आलं की परीक्षक पाहायला येणार, सकाळी आठला, ती रोजची चर्चा बघायला!

झालं. आप्पांनी पुलाच्या ठेकेदाराकडून साठ हेल्मेटं आणली. आंबा कापताना डोक्यावर काय पडणार आहे हो? पण विनोदमामांच्या फोटोत हेल्मेटं होती. मग रस काढायच्या मशीनच्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी महिनाभर मोडून पडलेली, ती पहाटे सुतळीने बांधली. हंगाम भरात, वेल्डर मिळेना, काशीरामदादांनी दोनदा राखणदाराला सांगितलेलं, पण यावेळी राखणदाराचा नाइलाज झाला होता. आणि मग आप्पा मला म्हणाले, "काशीरामला एक भाषण लिहून द्या, स्वच्छ मराठीत. परीक्षक बाई पुण्याच्या आहेत. आज ते व्हय-बिय नको."

मी काय बोलणार? लिहून दिलं.

बाई आल्या. पांढरे बूट, हातात क्लिपबोर्ड, चेहऱ्यावर काही नाही. साठ माणसं हेल्मेटं घालून जांभळीखाली उभी, जणू काही पूलच बांधणार आहेत. काशीरामदादांनी माझा कागद लांब धरला, जवळ धरला, "सुप्रभात, सह... सहका..." म्हणाले, घाम पुसला, त्याच कागदाने पुसला, कागदावरचं सगळं फिस्कटलं, आणि त्यांनी एकदा त्या दगडाकडे बघितलं मात्र...

"बा राखणदारा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" साठ माणसं सुटल्यासारखी ओरडली.

"आज पुन्याच्या बाय आल्यात, तेंचा पाय ह्या वल्या लादीवरनं घसरू देव नको रं म्हाराजा!" बाईंनी पायाखाली बघितलं. "ह्या टोप्या पुलाच्या ठेकेदाराच्या हायत, सांजच्याला परत द्यायच्या हायत, तवर येक बी फुटू देव नको!" व्हय म्हाराजा! "आनि मशिनीची जाली महिनाभर मोडलीय, ती आज पाटं सुतलीनं बांदलीय, ती बाय जाईस्तवर टिकू दे रं म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" आणि यात सगळ्यात मोठा, सगळ्यात भक्तिभावाचा आवाज कुणाचा? आप्पांचा! डोळे मिटलेले ना, एकोणतीस वर्षांची सवय! तोंडून गेलं आणि मग डोळे उघडले.

मागून शरीफाभाभी म्हणाल्या, "आमीन."

देवासमोर खोटं कसं बोलायचं, एवढीच काशीरामदादांची अडचण हो! पण आप्पांचा चेहरा बघवेना. विनोदमामांचं पापलेट तिथेच दिसायला लागलेलं त्यांना. बाई माझ्याकडे वळल्या. "हे रोज होतं?" मी म्हटलं, "रोज." "आणि सांगितलेलं दुरुस्त होतं?" मी तोंड उघडायच्या आत शरीफाभाभी पुढे, "होतं ना म्याडम! मालक ऐकतात ना सगळं. आम्ही त्यांना थोडीच सांगतो!"

बाई हसल्या नाहीत. खूप वेळ लिहीत राहिल्या. पण जाताना बूट काढून जांभळीखाली उभ्या राहिल्या होत्या एक मिनिट, ते मी पाहिलं.

दिवाळीत पत्र आलं. दुसरा क्रमांक! "उणिवा निर्भयपणे मांडण्याच्या कार्यसंस्कृतीबद्दल"! आप्पांनी विनोदमामांना जेवायला बोलावलं, मुद्दाम पापलेट केलं, बक्षीस त्या दिवसापुरतं घरी आणून त्यांना त्याच्यासमोर बसवलं, तीन वेळा वाढलं. मलासुद्धा आनंद झाला, खोटं कशाला सांगू? काशीरामदादांना पेढा द्यायला मीच धावत गेले.

पण पत्राला खाली एक ओळ होती. सूचना म्हणून. उणिवा तोंडी न सांगता लेखी, नाव-सहीनिशी, थेट व्यवस्थापनाकडे नोंदवाव्यात. आप्पा म्हणाले, "बरोबर आहे. पहिला नंबर हवा तर पद्धतशीर पाहिजे. सूनबाई, एक तक्ता करा."

मी काय बोलणार? केला.

यंदाचा हंगाम सुरू झाला. सकाळी आठला आता रांग माझ्या टेबलासमोर लागते. काशीरामदादांनी पहिल्या दिवशी तक्ता हातात घेतला. "ह्याच्यात नाव घालायचा?" हो दादा. "खाली सही?" हो. "नि ह्यो जानार मालकाकडं?" हो. "बरां," म्हणाले, आणि 'काही नाही' म्हणायचा, ग्रामपंचायतीत शिकलेला एक शब्द सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला, निरंक. त्यांचं बघून सखूने लिहिलं निरंक. फैझानने निरंक. साठ माणसं, रोज, निरंक! गेल्या आठवड्यात शरीफाभाभींच्या बोटाला ही एवढी पट्टी. मी विचारलं, तर म्हणाल्या, "काय नाय गो, घरात मासळी कापताना लागलं." पट्टी कारखान्याच्याच डब्यातली होती हो! मला दिसत नाही का? पण त्या सही करून पुढे गेल्या. आणि काशीरामदादा जांभळीखाली नुसती अगरबत्ती लावतात. "देवाला काय सांगायचा आता? समदां कागदार जाता ना?"

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा आप्पांना. तो म्हणाला, "मी? तूच सांग, तुझं ऐकतात." ऐकतात? माझं त्यांनी एकदाच ऐकलंय, आणि तेही मी सांगितलेलं नव्हतं!

आणि काल आप्पा ती सगळी चळत घेऊन आले, मांडीवर घेऊन पानं उलटली, डोळे पाणावले हो त्यांचे. "सूनबाई, बघा. अख्खा हंगाम, एक अपघात नाही, एक तक्रार नाही! भरा यंदाचा अर्ज. पहिला नंबर आपलाच!"

येणार हो, नक्की येणार! रात्री बसून अर्धा भरलाही मी. यंदा एक नवीन रकाना आहे, अर्ज भरणाऱ्या व्यक्तीला कामाच्या ठिकाणाबद्दल काही सांगायचं असल्यास इथे लिहावं, म्हणून. चांगली अर्धं पान जागा सोडलीय. पेन घेऊन बसले, पंखा फिरत होता, बाहेर आप्पा खाकरत होते, मी बराच वेळ त्या जागेकडे बघितलं... आणि लिहिलं, निरंक. खाली सही केली.