सुनंदाचे वितळलेले नमुने

काकू, कॉलेजमधल्या सहकाऱ्यांनो, कळवणहून आलेल्या मंडळींनो,

सुनंदाच्या शोकसभेत बोलायला उभी राहिलेय. आणि खरं सांगू? रडण्यापेक्षा राग जास्त येतोय. आत्ताच सर इथे बोलून खाली बसले. म्हणाले, सुनंदा मला मुलीसारखी होती. म्हणून मला बोलावंच लागतंय.

सुनंदा आणि मी एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. सर तिचे गाइड. तिचा विषय इथे सगळ्यांना माहीत नसेल. काकू, तुमच्याकडे पावसाळ्यात हिवताप आला की सातविणीच्या सालीचा काढा देतात ना? तो मलेरियाच्या जंतूवर नेमकं काय करतो, हे तिला शोधायचं होतं. बाकीचे लोक सालीतून एकेक द्रव्य वेगळं काढायचे. एकट्याने काही होईना, की साल निकामी ठरवून मोकळे. सुनंदा म्हणायची, "अगं, घरात कुणी शिरून गेलं तर नुसतं कुलूप बघून भागतं का? सगळे डबे उघडायचे. कशातलं कमी झालंय, कशातलं वाढलंय, ते बघायचं." जंतूच्या आतले सगळे डबे असे एकदम तपासायचे, त्याला मेटाबोलोमिक्स म्हणतात. तेव्हा आपल्या कॉलेजात हे नावही कुणी ऐकलं नव्हतं.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, त्यांना काढा द्यायचा, त्याच क्षणी गोठवायचे. मग कोरड्या बर्फात घालून इथे आणायचे आणि मोठ्या मशीनवर नंबर लागेपर्यंत आपल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे. पहिल्या खेपेचा निकाल इतका चांगला आला की तिने मला पेढा भरवला. दुसऱ्या खेपेला तोच यायला हवा होता. मग कुणाला शंकाच उरली नसती.

ते भारनियमनाचे दिवस. वीज गेली की फ्रीझर जनरेटरवर चालायचा. एका दुपारी हॉलमध्ये सरांचा सत्कार होता. जनरेटरची लाइन आमच्याकडून काढून हॉलच्या एसीला दिली गेली. संध्याकाळी परत जोडली. सुनंदाला कुणी सांगितलं? कुणीच नाही. नमुने वितळले आणि पुन्हा गोठले. वितळले की आतली कामं पुन्हा चालू होतात, धरून ठेवलेला तो क्षण गेलाच. तिने तेच नमुने मशीनवर लावले. निकाल भलताच आला. विभागाच्या बैठकीत सर म्हणाले, "सुनंदाबाईंचे पहिले आकडेही बनवलेले असावेत."

बनवलेले! ऐकलंत, काकू? तुमच्या मुलीने बनवलेले.

पुढे फ्रीझर साफ करताना तळाशी तिला बर्फाची कडक लादी सापडली. तिथे भुरभुरीत हिम असतं, लादी नाही. काहीतरी वितळल्याशिवाय ती होत नाही. मी वायरमनला गाठलं. तो म्हणाला, "म्याडम, सरांनीच सांगलं ना. पाव्हन्यांना लय उकडत व्हतं." मग मी सरांना गाठलं. सर, आठवतंय? तुम्ही हसलात. म्हणालात, "माझ्या घरचा फ्रिज रोज बंद पडतो, दूधसुद्धा नासत नाही." एक विज्ञानाचा प्राध्यापक हे म्हणाला! मी म्हटलं, निदान बैठकीत एवढं सांगा. तुम्ही म्हणालात, बघू.

त्या एका 'बघू'त तिची पीएचडी गेली. दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला गेली की विचारायचे, आकडे बनवणाऱ्या बाई त्या तुम्हीच का? ती घरी येऊन भांडी घासत बसायची. 

सुनंदाने तुम्हाला माफ केलं होतं. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, "सोड गं. म्हातारे झालेत ते." तिचा स्वभाव तो. माझा नाही. तिचं मरण दुखण्याने आलं, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण तिच्या नावाला तुम्ही काळं फासलंत, आणि ते मी तुमच्याकडूनच पुसून घेणार. जिथे जिथे तुमचा सत्कार होईल, तिथे मी येईन. सगळ्यांदेखत उठून विचारेन, फ्रीझरची वीज कुणी काढायला लावली? एकही शाल तुम्हाला सुखाने अंगावर घेऊ देणार नाही.

आता सुनंदासाठी आपण सगळे उभे राहू या. सर, तुम्ही बसा. हा माइक तुमच्यापुढे ठेवतेय. तिच्या बाबतीत तुम्ही आजवर पुष्कळ शांतता पाळलीत. आता आम्ही पाळतो.

तिची आई समोर आहे. तुम्ही बोला.