काय शोधायचं ते सांगा

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर अहेरीची गाडी वेळेवर येईल, अशा श्रद्धेनं कय्यूमभाऊ बाकड्यावर बसले होते. शेजारी नागपूरच्या दवाखान्यातून परतणारं जोडपं होतं, खुशाल आणि इंदिराबाई. बायकोची एक किडनी आता नवऱ्याच्या पोटात होती. भांडण मात्र अजून समाईक होतं.

"एवढ्या मोठ्या डॉक्टरायनं पेशंटले बोलावून इचारलं, पुढं कायचं संशोधन करू? अन् तुमी सांगता, तलावात कधी उतरू!"

"मंग? गोळ्यायचं तं सारेच बोलले. तलावात जाऊ नोको म्हंते, जंतू लागते. ढिवर मानूस सालभर काठावर बसून राह्यला, त्याचं कोन शोधंन?"

"जिते तं हाये ना!"

"हाव. पन पहिले कसं, सारं गाव जाळे घेऊन उतरे. छातीएवढं पानी, पायाखालून मासोळी सळसळे. मी बाहीर निंगालो का पोट्टे टोपलं पाहाले धावत."

"अन् तसेच घरी येऊन जेवाले बसा. लगन झाल्यापासून नाकाले पदर लावून वाढलं मी तुमाले."

"तुले बी तं इचारलं त्यायनं. तू काय सांगतलं?"

"काई नाई."

"डॉक्टर लिवत होता, मी पाह्यलं. सांग ना वं."

"इचारलं, का यायच्या आंगाले मासोळीचा वास पुन्हा कधी येईन."

कय्यूमभाऊंनी वर्तमानपत्राचं वाचलेलं पान पुन्हा उघडलं.

"डॉक्टर हासला असंन."

"हासला. तुमी नोका हासू."