बंद पडलेली चिप

दवाखान्यातल्या पडद्यावर नंबर येईनात. नंबरची चिठ्ठी मुठीत धरून बसलेल्या बाईंच्या शेजारचे आजोबा उठून दुरुस्तीवाल्याजवळ गेले.

“बंद करून पुन्हा चालू करा.”

“आजोबा, हे नेटवर्कचं डबडं दर दीड वर्षानं असंच रुसतं. का, ते कुणालाच कळत नाही.”

“आतल्या चिपची दिवसांची मोजणी भरते, पुढचा आकडा तिच्यात मावत नाही. माझीच चूक आहे ती.”

“तुमची?”

“ही चिप आमच्या कंपनीनं बनवली. मोजणीचा भाग माझा. पुढच्या चिपमध्ये सुधारणार होतो.”

“मग?”

“त्याआधी कंपनीच बंद पडली.”

दुरुस्तीवाल्यानं डबडं बंद करून पुन्हा चालू केलं, तसे त्यावरचे दिवे लुकलुकले. पडद्यावर बाईंचाच नंबर आला, पण त्या आजोबांचं बोलणं ऐकण्यात गुंतल्या होत्या.

“झालं की चालू, आजोबा!”

“या चिपचं तेवढं बरं आहे. बंद पडली तरी पुन्हा चालू होते.”